वापरात नसलेलं नाव

ते नाव मी इथे लिहिणार नाही. लेकीची सक्त ताकीद आहे. नाव फुटलं तर चार जण उचलतील, आणि मग बालवाडीत त्याच नावाच्या दोघी निघतील. तिच्या मते मुलीच्या आयुष्यात याहून मोठं संकट येऊ शकत नाही. लेकीच्या जन्माच्या वर्षी सगळ्यांनी जे नाव ठेवलं तेच आम्हीही ठेवलं होतं. वर्गात त्या नावाच्या पाच जणी, त्यांतली ही चौथी. हजेरीला नावापुढे आकडा लागायचा. तो राग तिने तीस वर्षं घडी न मोडता जपला आणि स्वतःला सातवा महिना लागल्यावर बाहेर काढला. मुलगीच होणार हे तिने धरूनच ठेवलं होतं.

नावाच्या अटी जावयाने तक्त्यात मांडल्या होत्या. जावई विमा कंपनीत आहे, तक्त्याशिवाय त्याला दुःखही होत नाही. नाव जुनं हवं, पण जुनाट नको. ऐकल्यावर माणसाने एकदा ‘काय?’ म्हणावं, दोनदा म्हणू नये. इंटरनेटवर शोधलं तर त्या नावाचं कोणी सापडता कामा नये. महिन्याभरात दोनशे साठ नावं बाद झाली. एक नाव जवळजवळ ठरलंच होतं, पण ते जावयाच्या साहेबांच्या कुत्रीचं निघालं.

मग एका रविवारी लेक माझ्या टेबलावरचे कागद चाळत होती. त्यांत आत्याचा हयातीचा दाखला होता. आत्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. ती अजून जिवंत आहे हे खात्याला दरवर्षी लेखी कळवावं लागे आणि ते काम माझ्याकडे होतं.

“हे कोण?” लेकीने विचारलं.

“आत्या.”

“आत्याआजीला नाव आहे?”

प्रश्न रास्त होता. मलाही ते नाव वर्षातून एकदा, त्या अर्जापुरतंच भेटायचं. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. माझ्या आईची वन्सं, आमची आत्या, मग आमच्यामुळे शेजाऱ्यांची आत्या आणि शेवटी दूधवाल्याचीही. लग्न केलं नाही, त्यामुळे पत्रिकेवरही नाव कधी छापून आलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती चौतीस वर्षं ‘सतरा नंबर’ होती. ऑपरेटरने स्वतःचं नाव सांगायचं नाही असा नियम होता. तक्रार झाली तर ती सतरा नंबरची, कौतुक झालं तर खात्याचं. आता सहा वर्षं ती वृद्धाश्रमात होती आणि तिथे तिला ‘खाट बारा’ म्हणत.

लेकीने ते नाव तीनदा मोठ्याने उच्चारून पाहिलं. इंटरनेटवर शोधलं, काहीही आलं नाही. जावयाने तक्त्याचे सगळे रकाने हिरवे केले.

खोडा घातला विहीणबाईंनी. जिवंत माणसाचं नाव बाळाला द्यायचं नाही, त्या म्हणाल्या. त्यांच्या माहेरी असं एकदा झालं होतं आणि त्या दोघांतलं एक महिन्याभरात गेलं. कोण गेलं ते त्यांनी सांगितलं नाही, त्यामुळे धाक दुप्पट झाला.

त्या दिवसापासून आमच्या घरात आत्याच्या तब्येतीची आस्थेने चौकशी सुरू झाली. तिचं हृदय चौथाई ताकदीवर चालतंय, हे वर्ष निघणं कठीण आहे, असं डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं. तेव्हा आम्ही माना खाली घालून ऐकलं होतं. आता जावयाने त्यांना फोन करून अंदाजे महिना विचारला. लेक मला रोज विचारायची, आत्याआजी कशी आहे. मी म्हणायचो, बरी आहे, काल दोन घास जास्त जेवली. मग पलीकडून नुसतं ‘बरं’ यायचं.

आम्ही कोणी तिचं वाईट चिंतत नव्हतो, हे मी मुद्दाम नमूद करतो. आम्ही फक्त वाट पाहत होतो. पूर्वी मी महिन्यातून एकदा एकटाच जायचो. आता दर रविवारी पाच माणसं आणि दोन किलो सफरचंदं जाऊ लागली.

चौथ्या रविवारी आत्याने सगळ्यांना बाग बघायला पिटाळलं आणि मला थांबवून घेतलं.

“एवढी सफरचंदं कशाला?” ती म्हणाली. “मला असं काय झालंय, जे मला सांगितलेलं नाही?”

खोटं बोलायची सोय नव्हती. लाइनच्या दोन्ही बाजूंची बोलणी ऐकण्यात तिची चौतीस वर्षं गेली होती. माणूस कुठल्या शब्दाआधी थांबला यावरून तिला सगळं कळायचं. मी सांगून टाकलं. दाखला, नाव, तक्ता, विहीणबाई.

ती रागावेल असं मला वाटलं होतं. तिने उशीखालचा रुमाल काढून चष्मा पुसला.

“मग घ्या की. मी कुठे वापरते? वडील गेल्यापासून त्या नावाने कोणी हाक मारलेली नाही. एकावन्न वर्षं झाली. नव्यासारखं असेल अजून.”

“विहीणबाई म्हणतात, माणूस असेपर्यंत...”

“हो, ऐकलं. त्यासाठीही माझा प्रयत्न चालूच आहे.”

मग तिने मला जेवणघरातला फळा दाखवला. तिच्या खाटेवरून तो सरळ दिसायचा. एरवी त्यावर जेवणाच्या वेळा असत. आश्रमातलं कोणी गेलं की व्यवस्थापक वेळा पुसायचे आणि तिथे घरच्यांना विचारून त्या माणसाचं नाव लिहायचे. दिवसभर ते राहायचं. व्यवस्थापक पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे, अक्षर पाहत राहावं असं. सहा वर्षांत आत्याने चाळीसेक नावं वाचली होती. गेल्या महिन्यात शेजारच्या खोलीतली बाई गेली. तिचे नातेवाईक फोन उचलेनात, तेव्हा फळ्यावर नुसतं ‘खाट नऊ’ आलं. हे आत्याने मला दोनदा सांगितलं.

“माझं नाव तिथे घाल,” ती म्हणाली. “पूर्ण, वडिलांच्या नावासकट. एकदा सगळ्यांनी जेवताना वाचलं की झालं. मग पोरीचं.”

मी हो म्हणालो. तोंडी हो तिला पुरलं नाही. “लिहून घे,” ती म्हणाली. मी खिशातल्या एका पत्राच्या पाकिटाच्या पाठीवर नाव लिहून घेतलं आणि तिने ते डोळ्यांजवळ धरून तपासलं.

बाळ तीन आठवडे आधी आलं. मुलगी झाली. आत्या तेव्हा जिवंत होती, इतकंच नाही तर तिची तब्येत सुधारली होती. सफरचंदांनी असेल. इस्पितळाने नाव नोंदवायला एकवीस दिवसांची मुदत दिली होती. अठरावा दिवस उलटला तशी घरात कोणी कोणाशी धड बोलेना. विहीणबाई हटत नव्हत्या, लेक दुसरं नाव ऐकून घेत नव्हती, आणि माझी बायको जो समोर असेल त्याच्या बाजूने होती.

एकोणिसाव्या दिवशी जावयाने कागद तयार करून आणला. ‘मी, खाली सही करणार, हे नाव आजपासून स्वखुशीने सोडून देत आहे व यापुढे ते कोठेही वापरणार नाही.’ विहीणबाईंना कागद एकदम पटला. नाव माणसाच्या अंगावर नसेल तर माणूस जिवंत असायला त्यांची हरकत नव्हती.

बाळाला घेऊन आम्ही आश्रमात गेलो. आत्याने कागद दोनदा वाचला. ‘कोठेही’वर बोट ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं.

“कायद्याची भाषा असते ती,” मी म्हणालो.

“आणि फळा?”

“फळ्याचा काही संबंध नाही.”

तिने सही केली. एक एक अक्षर जुळवत, वडिलांच्या नावासकट, त्याला चार मिनिटं लागली. शेवटचं अक्षर ओळीवरून घसरून समासात गेलं. जावयाने कागद फुंकर घालून वाळवला. पेन साधं बॉलपेन होतं.

मग तिने बाळाला मांडीवर घेतलं आणि त्या नावाने हाक मारली, पूर्ण, हळूहळू. तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. बाळ झोपलेलं होतं.

“आम्ही तिला टिंकू म्हणतो, आत्याआजी,” लेकीने सांगितलं. “हाक मारायला नाव जरा मोठं पडतं ना.”

“हो,” आत्या म्हणाली. “वडीलही दमायचे.”

निघताना जावयाने आश्रमाच्या कचेरीतलं तिचं कार्ड बदलून घेतलं. त्याला कामं अर्धवट ठेवायला आवडत नाही. नव्या कार्डावर ‘आत्या’ होतं.

त्यानंतर तेहेतीस दिवसांनी, सकाळी नऊच्या सुमाराला व्यवस्थापकांचा फोन आला. नाश्ता करून आत्या आडवी झाली होती, ती उठली नाही. मी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. सरकारी अर्ज मी भरला. त्यात तिचं खरं नाव घातलं, कारण तो अर्ज फायलीत जातो आणि फाइल कोणी वाचत नाही. मग व्यवस्थापक जेवणघरात आले. त्यांनी ओल्या फडक्याने फळा स्वच्छ पुसला, दोऱ्याने दोन सरळ रेघा आखल्या आणि खडू हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून पाकीट काढलं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती रडत होती, आणि खरंच रडत होती. आत्याआजीच्या मांडीवरचा बाळाचा फोटो आपण मोठा करून घेऊ, म्हणाली. नाक पुसलं. मग म्हणाली,

“बाबा, फळ्यावर ते नाव घालू नकोस हं. ते लोक फळ्याचा फोटो काढून आश्रमाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकतात, मी बघितलंय. आत्ता ते नाव शोधलं तर कोरं येतं. पहिलं जे येईल ते टिंकूचं यायला हवं. मोठी होऊन ती शोधेल आणि पहिलाच मृत्यूचा फळा दिसेल, बरं वाटेल का तिला?”

मी म्हणालो, मी शब्द दिलाय.

“कोणाला?” तिने विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरोखरच क्षणभर लक्षात आलं नाही.

मग जावई फोनवर आला. सांत्वन केलं आणि कागदातला ‘कोठेही’ शब्द नम्रपणे वाचून दाखवला.

व्यवस्थापक खडू घेऊन उभेच होते. जेवणाची घंटा झाली होती. माणसं ताटं घेऊन रांगेत लागत होती आणि सवयीने फळ्याकडे बघत होती. मला नाही म्हणता आलं असतं. लेक चार दिवस बोलली नसती, जावयाने एखादं पत्र पाठवलं असतं, बस. मी आयुष्यभर लोकांच्या भित्रेपणावर लेख लिहीत आलो आहे आणि ते लोकांना आवडतात.

“नुसतं आत्या लिहा,” मी म्हणालो.

“वडिलांचं नाव? आडनाव?”

“नको.”

त्यांनी लिहिलं. अक्षर खरोखर सुंदर होतं. दोन रेघांमध्ये बरीच जागा उरली, ती त्यांच्या नजरेला खटकली असावी. खाली त्यांनी ‘खाट बारा’ असं जोडलं.

खाट अकराच्या बाई वॉकर सरकवत फळ्यासमोर येऊन थांबल्या. निवृत्त परिचारिका. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं.

“आत्या?” त्या म्हणाल्या. “अहो, इथे निम्म्या बायका कोणाच्या ना कोणाच्या आत्याच आहेत. नाव काय होतं यांचं? सहा वर्षं शेजारी झोपले, विचारायचं राहूनच गेलं.”

मी पाकीट घडी करून खिशात ठेवलं.

“चांगलं होतं,” मी म्हणालो.

“मग लिहायचं की,” त्या म्हणाल्या आणि वॉकर वळवून रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.