अंबाड्यातला शेवटचा आकडा

मी एक आकडा. दोन पायांचा, लोखंडी, काळा. बायका मला केसांत खोचतात आणि विसरतात. अंबाडा टिकला की कौतुक केसांचं, सुटला की शिव्या मला. पंधरा वर्षं ऐकतोय.

अकोल्यात जठारपेठेतल्या बांगड्यांच्या दुकानातून मनकर्णानं आम्हा बारा जणांना आणलं. सन पन्नास असेल. तिचे केस म्हणजे घोड्याचं शेपूट. एकदा शिरलो की संध्याकाळपर्यंत हलायचं काम नाही. दळण, धुणं, भांडण, सगळं पार पाडलं. सवय एकच वाईट. दुपारी मला उपसून कान कोरायची. इमानी गड्याला असं वागवू नये.

पुढे तिची मुलगी शकुन मोठी झाली आणि आम्ही तिच्या वाट्याला आलो. काय ते केस! पातळ, सरळ, गुळगुळीत. पाहायला छान, कामाला शून्य. अंबाडा घातला की पायरी उतरेपर्यंत मानेवर. तूप लावलेल्या खांबावर उभं राहून दाखवा, मग मला बोला.

साठ साली शकुननं बाळापूरच्या एका मुलींच्या शाळेत अर्ज दिला. एक पाठ घेऊन दाखवायचा, पसंत पडला तर नोकरी. मोठ्या बाई माणिकबाईंनी तेव्हाच बजावलं, "वेण्या घालून येऊ नका. पोरी तुमालेच बाकावर बसवतीन. अंबाडा पायजे."

मनकर्णानं वेगळंच बजावलं. "नोकरी लागली तर ठीक. नाई तर दर्यापूरचं स्थळ पक्कं करून टाकतो."

ते स्थळ शकुननं पाहिलं होतं. दोन तास ते स्वतःच्या बैलांबद्दल बोललं होतं.

पाठाच्या दिवशी सकाळीच मनकर्णानं शिकेकाई घेतली.

"माय, आज नको वं. अंबाडा राह्यत नाई."

"नव्या कामाले पारोशा डोक्यानं जाते का कोनी? चूप बस!"

झालं. मुळात निसरडे, त्यात धुतलेले. बारा जण खोचले. मोटारीत आठ गळाले, शाळेच्या फाटकापाशी तीन. वर्गात पोचलो मी एकटा.

पाठ कापसाचा होता. शकुननं फळ्यावर झाड काढलं, बोंड काढलं. दोन्ही हात खडूनं पांढरे. मागे खुर्चीवर माणिकबाई. मी पाय रोवून उभा. फळ्यावर बोंड फुटलं आणि इकडे अंबाडा.

"बाई, तुमचा बुचडा सुटून राह्यला!" पहिल्या बाकावरची पोरगी ओरडली.

वर्ग खिदळला. मला दर्यापूरचे बैल स्पष्ट दिसले.

शकुन थांबली नाही. "सुटला तर बांधता येते. कापसातून सरकी कशी काढतात, ते सांगा," असं म्हणत तिनं त्याच हातांनी केस पिळले, गुंडाळले, मला खुपसलं. पोरी उत्तरं द्यायला लागल्या. मी पडायची वाट पाहत होतो. पडलो नाही. खडूच्या भुकटीनं केस खरखरीत झाले होते. त्या डोक्यात मला पहिल्यांदा धर मिळाला.

पाठ संपला. माणिकबाई जवळ आल्या. "डोकं पांढरं झालं तुमचं."

"नोकरीसाठी तेवढं होतेच, बाई."

माणिकबाई हसल्या. मोठ्या बाई हसतात हे पोरींना त्या दिवशी कळलं. "सोमवारपासून या. अन् न्हायचं असंन तर रविवारी न्हा."

पुढच्या आठवड्यात दर्यापूरचे पाहुणे येऊन बसले. मनकर्णानं सांगितलं, "पोरगी कामावर गेली. चहा घ्या अन् मोटर गाठा."

त्याला पाच वर्षं झाली. माझा रंग उडालाय, एक पाय वाकलाय. आज शाळेत एक नवी मुलगी पाठ घ्यायला आली. केस तसेच, रेशमासारखे कुचकामी. दाराशीच अंबाडा घसरला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शकुननं स्वतःच्या डोक्यातून मला काढलं, बोटांवर खडू चोळला आणि तिचे केस पिळून मला आत दाबलं. म्हणाली, "जाय आता."

पाठ सुरू झालाय. मुलगी फळ्याकडे वळलीय. कोणी हसू नका. मला पाय रोवू द्या.