पोटावरचा पापुद्रा

मित्रांनो, भाईंदरच्या नवघरमधल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, कपाटाच्या खालच्या खणात मी राहतो. माझ्या एका बाजूला बोरू आणि निबांची डबी आहे, दुसऱ्या बाजूला शाईच्या बाटल्या. मी एक जुना, बिनवायरचा माऊस आहे. त्यातही खास खेळासाठी घडवलेला. माझ्या आयुष्यात मला पुष्कळांनी गुण दिले आणि पुष्कळांनी कापले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वस्तूचा जन्मच मुळी पारखून घेण्यासाठी असतो. पण माझ्या पारखीच्या भानगडीत एका भल्या बाईचं काळीज विनाकारण होरपळलं, ती हकिकत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. अंगठ्याजवळ दोन जादा बटणं, चाकामागे वेग कमी-जास्त करण्याचं बटण, पोटात दोन पेन्सिल सेल आणि तळाशी एक बारीकसा डोळा. या डोळ्याने खालचं टेबल बघत बघतच मी चालतो. सगळं तयार झाल्यावर तिथल्या एका कामगार बाईने माझ्या पोटावर एक पातळ, पारदर्शक पापुद्रा चिकटवला. प्रवासात डोळ्याला ओरखडा पडू नये, एवढाच त्याचा उद्देश होता. घरी पोचलं की तो सोलून फेकायचा असतो. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं.

दोन हजार सहा सालच्या दिवाळीत परागने मला घरी आणलं. पराग हा काशीनाथराव आणि वासंतीबाईंचा एकुलता एक मुलगा. मीरा रोडच्या कॉल सेंटरमध्ये नुकताच लागला होता आणि गोळीबाराच्या खेळांचं त्याला भारी वेड. त्याने खोकं फोडलं, पाठीवरचं वेष्टण टराटरा काढलं आणि मला उलटा केला. तेवढ्यात काशीनाथराव पुढे झाले.

"अरे थांब, थांब! खालचं कशाला काढतोयस? टेबलावर घासून घासून झिजेल ना तो. राहू दे तसंच."

"बाबा, ते काढायचं असतं."

"चालतंय ना? मग झालं तर! नव्या वस्तूची जरा किंमत ठेवावी."

काशीनाथरावांचा स्वभावच तो. त्यांच्या घरात टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असे आणि पिशवीला वर दोन रबरबँड. सोफ्यावर चादर, फ्रिजच्या मुठीला विणलेला मोजा, कळफलकावर पारदर्शक आवरण. त्यात माझ्यावरच्या पापुद्र्याचं कुणाला काय नवल वाटणार? परागने मला चालवून बघितलं, पडद्यावरचा बाण सुळकन धावला, आणि तो विषय तिथेच संपला. पापुद्रा तेव्हा अगदी स्वच्छ होता. मलाही त्याचा काही त्रास नव्हता.

पराग इंटरनेटवरच्या एका मंडळात नव्या वस्तूंची परीक्षणं लिहायचा. माझंही त्याने लिहिलं. खेळासाठी दहापैकी नऊ. ऑफिसच्या कामासाठी आठ, कारण वजन थोडं जास्त. डावखुऱ्यांसाठी शून्य, कारण माझी घडण उजव्या हाताची. मित्रांनो, खरं सांगतो, ते परीक्षण चोख होतं. सेल उतरत आले की मी जरा सुस्तावतो, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. स्टेशनजवळच्या गेमिंग पार्लरमध्ये तो मला खिशात घालून न्यायचा आणि मित्रांपुढे मिरवायचा.

पण पापुद्रा हा शेवटी पापुद्राच. टेबलावर घासून त्याच्यावर चरे पडले. कडेने आत धूळ शिरली, त्यात पावसाळ्याची ओल. आठ-नऊ महिन्यांत माझा डोळा धुरकट झाला. मोठ्या अंतरावर मी अजूनही नीट धावायचो, पण बारीक हालचालीला अडखळायचो, मध्येच थरथरायचो. परागचा नेम चुकू लागला. "गेला हा कामातून," तो वैतागून म्हणाला आणि जुन्या परीक्षणाखाली नवं लिहून मोकळा झाला. खेळासाठी दहापैकी तीन, विकत घेऊ नका. आईबाबांना चालेल, असंही खाली लिहिलं.

त्यानंतर तो पुण्याला नोकरीसाठी गेला आणि जाताना स्वतःसाठी घेतलेला वायरवाला माऊस घेऊन गेला. मी काशीनाथरावांच्या वाट्याला आलो.

काशीनाथराव सोसायटीचे सेक्रेटरी. पाण्याची वेळ, गच्चीची किल्ली, जिन्यात चपला ठेवू नयेत, अशा नोटिसा ते संगणकावर टाइप करत. एवढं मोठं बटण दाबायचं, छापायला सांगायचं, संपलं. त्या कामाला माझा धुरकट डोळाही पुरून उरत होता. "पराग उगाच नावं ठेवतो. माझं तर याच्यावाचून पान हलत नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मला बरं वाटायचं. या कौतुकाने पुढे घात होणार आहे, हे तेव्हा मला कुठे माहीत होतं?

आता वासंतीबाईंबद्दल सांगतो. त्यांचे वडील लालबागला दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षराचं वळण वासंतीबाईंनी त्यांच्याकडून उचललं. शाळांची प्रशस्तिपत्रकं, सत्काराची मानपत्रं त्या बोरूने लिहायच्या. संगणक आल्यावर पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या डीटीपी शिकल्या आणि भाईंदर पश्चिमेच्या एका छापखान्यासाठी घरबसल्या लग्नपत्रिका करू लागल्या. बाकीचे लोक तयार टाइप वापरत. वासंतीबाई मात्र वधूवरांची नावं स्वतः माऊसने काढत, एकेक वेलांटी फिरवून. छापखान्याचे शेठ त्याच्यावर खूश होते.

दोन हजार सातच्या तुळशीच्या लग्नानंतर, ऐन हंगामात, त्यांचा जुना, पोटात रबरी गोळी फिरणारा माऊस बंद पडला. त्यांनी मला हातात घेतलं.

पहिलंच नाव काढताना रेघ थरथरली. त्यांनी पुसली, परत काढली. परत थरथरली. चारशे टक्के मोठं करून बघितलं तर उकाराच्या कडेला करवतीसारखे दाते. त्यांनी चष्मा पुसला. मग हात धुऊन आल्या. काही उपयोग झाला नाही.

"अहो, या माऊसमध्ये काही बिघाड आहे का?" त्यांनी विचारलं.

"छे! सकाळीच दोन नोटिसा काढल्या मी. मस्त चालतोय," काशीनाथराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

झालं. माऊस चांगला म्हटल्यावर दोष कुणात उरला? वासंतीबाईंनी आपला उजवा हात उचलून उजेडात धरला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या वडिलांचा हात शेवटच्या वर्षांत कापायला लागला होता. आधी पाट्या सुटल्या, मग सही सुटली, मग चहाचा कप. ते सगळं वासंतीबाईंनी जवळून पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांच्या मनाने घेतलं की आता आपली पाळी आली.

मित्रांनो, मी सबंध दिवस त्यांच्या तळव्याखाली असायचो. त्यांचा हात कापत नव्हता. देवघरातल्या समईसारखा तो स्थिर होता. कापत होतो तो मी. जगात ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती आणि मला तोंड नव्हतं.

त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही. काशीनाथरावांना नाही, फोनवर परागलाही नाही. कागदावर बोरूने एक ओळ लिहून बघितली असती, तर खरं काय ते तिथेच कळलं असतं. पण कागदावरही हात कापला तर? त्या भीतीने त्यांनी बोरू, निबा, शाई सगळं डब्यात घातलं आणि डबा कपाटाच्या खालच्या खणात ढकलला. दारात रांगोळी काढायची बंद केली. चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागल्या. दहा-बारा दिवसांत छापखान्यातून फोन आला.

"वासंतीबेन, लाइन हिल रही है. पार्टी कंप्लेंट करती है. आँख का नंबर चेक कराओ ना." मग आवाज उतरवून, "इस बार का काम मैंने दूसरे को दे दिया है. बुरा मत मानना."

"नहीं सेठ, बुरा क्यों मानूँगी," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून भाजी निवडायला बसल्या. संगणक त्यांनी सुरूच केला नाही. काशीनाथरावांना सांगितलं, की आता कंटाळा आला, बंद करते हे काम. "कर की, आराम कर," असं ते म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना काही माहीतच नव्हतं.

डिसेंबरच्या मध्यावर आयरिन आली. ही उत्तनची कोळीण, कित्येक वर्षं नवघरमध्ये मासळी विकायला यायची. तिच्या नवऱ्याच्या, पीटरच्या होडीवरचं नाव एकदा वासंतीबाईंनी कागदावर काढून दिलं होतं आणि त्यावरून ते होडीवर रंगवलं होतं. त्या दिवशी ती टोपली बाहेर ठेवून थेट आत आली, हातात नावं लिहिलेली एक चिठ्ठी घेऊन.

"वासंतीबाय, जानेवारीत माज्या ॲन्ड्रियाचं लगीन हाय. पत्रिकेवर नाव तुज्या हातचं पायजे."

"आता मी नाही गं करत. छापखान्यात छान टाइप असतात, तिथून घे."

"टाइपचं मना नको. होडीवर तुजं अक्षर हाय, पोरीच्या पत्रिकेवर दुसऱ्याचं कसं चालंल? असं न्हाय करायचं."

वासंतीबाईंना नाही म्हणवेना आणि हो म्हणायचा धीर होईना. "बस, चहा टाकते," म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथे बराच वेळ नुसत्याच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या असाव्यात, कारण भांड्याचा आवाज काही येत नव्हता.

आयरिन संगणकाच्या खुर्चीत बसली. समोर मी. "याला वायर न्हाय?" असं स्वतःशीच म्हणत तिने मला उचललं आणि सहज उलटा केला. मासळी हातात आली की आधी तिचं पोट बघायचं, ही तिची जन्माची सवय. तिचा अंगठा माझ्या पोटावरून फिरला आणि एका जागी अडला.

"काशीनाथभाव, याच्या पोटाला साल हाय की!"

"अहो, असू दे, असू दे! ते मुद्दाम ठेवलंय, ते..." काशीनाथराव खुर्चीतून उठेपर्यंत तिने कडेला नख घातलं आणि एका झटक्यात पापुद्रा सोलून टेबलावर टाकला. धुळीने मळलेला, चऱ्यांनी भरलेला, टिकलीएवढा तुकडा. कित्येक महिन्यांनंतर मला टेबल लख्ख दिसलं.

वासंतीबाई चहा घेऊन आल्या. आयरिनचं मन मोडायचं नाही एवढ्याचसाठी त्या तिच्या जागी खुर्चीत बसल्या. वाकडी रेघ बघून ती आपणहून समजेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी मला धरलं आणि 'ॲ'चं वळण घेतलं. रेघ तेलाच्या धारेसारखी उतरली. त्यांनी ती पुसली आणि पुन्हा काढली. तिसऱ्यांदा काढली, चांगली मोठी करून बघितली. कुठेही दाता नव्हता.

"झ्याक आलाय की गो," आयरिन म्हणाली.

वासंतीबाईंनी टेबलावरच्या त्या मळक्या तुकड्याकडे पाहिलं. त्या उठल्या, कपाटाच्या खालच्या खणातून डबा काढला, बोरू शाईत बुडवला आणि कागदावर धरला. क्षणभर बोरू हवेतच राहिला. मग त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. ॲन्ड्रिया. पहिल्या अर्धचंद्रापासून शेवटच्या कान्यापर्यंत एकही जागा डळमळली नाही. आणि मग त्या दोन्ही हातांत तोंड झाकून ढसाढसा रडल्या.

"अगं, काय झालं काय?" काशीनाथराव घाबरले.

"माझा हात चांगला आहे हो," त्या म्हणाल्या. "माझा हात चांगला आहे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वडिलांचा हात, छापखान्याचा फोन, बंद केलेली रांगोळी. आयरिन त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. काशीनाथराव खाली मान घालून ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते टीव्हीपाशी गेले, रिमोट उचलला, त्याचे दोन्ही रबरबँड काढले आणि पिशवी सोडू लागले.

ॲन्ड्रियाची पत्रिका सगळी हाताने लिहिली गेली. माझी फारशी गरज पडली नाही आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. पुढे तीन वर्षं मी चोख काम केलं. नंतर खारट हवेने माझं रबर चिकट झालं, बटणं सैल झाली आणि माझी रवानगी या खणात झाली. परागचं 'विकत घेऊ नका' हे परीक्षण अजून कुठेतरी असेल. असू दे.

मित्रांनो, वस्तू जपा, पण ज्या कामासाठी ती घडली ते काम तिला मोकळेपणी करू द्या. काही बिघडलं असं वाटलं तर आधी उलटी करून बघा. आणि तुमच्या घरातलं कुणी आवडीचं काम एकाएकी सोडून देऊन भाजी निवडायला बसलं, तर पेपरातून डोकं वर काढून त्यांना विचारा. मला ते दिसत होतं, पण विचारायला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.