भाकरीच्या गाण्यातली टकटक

मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी मला एखाद्या हॉटेलात शोभेला ठेवलेले पाहिले असेल. माझ्या डोक्यावर फुलदाणी ठेवतात म्हणे! मी मात्र शोभेचा नाही. माझी सुई अजून शाबूत आहे, पट्टा दोनदा बदललेला आहे आणि आवाज, स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण गोड आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. माझ्या पहिल्या मालकाने हौसेने मला घेतले आणि हौस फिटताच विकून टाकले. मग मी शहागंजातल्या जुन्या सामानाच्या दुकानात, शिवणयंत्रांच्या आणि फुटक्या आरशांच्या संगतीत धूळ खात पडलो.

एका उन्हाळ्यात तिथे एक तरुण आला. त्याचे नाव वैजनाथ. फुलंब्रीच्या शेतकरी घरातला, चितेगावच्या एका कंपनीत नुकताच लागलेला. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. भाड्याच्या खोलीत उकडून जीव जात होता, म्हणून तो टेबलफॅन घ्यायला आला होता. दुकानदार तेव्हा मी चालतो की नाही हे बघत होता. हाताला लागली ती तबकडी त्याने माझ्यावर ठेवली, आणि वैजनाथ पंख्यासमोरून उठून माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"पंखा होना बोले थे ना मियाँ?" दुकानदार म्हणाला.

"वो रहने दो. ये कौन गा रहा?"

"कोई मराठी छोकरा है, गिटार लेके गाता. मशीन लेते तो तबकडी फुकट देतौं."

वैजनाथने मला उचलले. तो उन्हाळा त्याने घामाने निथळत काढला, पण तक्रार केली नाही.

त्या गाणाऱ्याचे नाव रत्नाकर चौंडीकर. तो स्वतः गाणी लिहायचा, स्वतःच गायचा. एका बाजूला गिटार, दुसऱ्या बाजूला संबळ, आणि मध्ये त्याचा थोडा घोगरा आवाज. बाभळी, बांध, एसटीचा थांबा, शेजारणीचे भांडण, अशा साध्या गोष्टींवर तो गायचा. त्याने मोजक्याच रेकॉर्डी काढल्या, त्याही फारशा खपल्या नाहीत. पुढे लोक त्याला विसरले. वैजनाथरावांनी मात्र त्याला घट्ट धरून ठेवले.

मग पद्मजाबाई या घरात आल्या. लग्न नवे होते. एकदा सकाळी रेडिओवर चौंडीकरांचे एक गाणे लागले, आणि भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली. गाण्यातली एकच ओळ त्यांच्या ध्यानात राहिली:

"एकट्यानं भाकर खाल्ली, तिला चवच लागंना..."

"अवो, हे भाकरीचं गाणं कुठं मिळंल?" त्यांनी विचारले.

"हुडकून आणतो की! त्यात काय लई मोठं!" वैजनाथराव म्हणाले.

मित्रांनो, त्यांच्या छंदाची खरी सुरुवात अशी झाली. ते गाणे 'रहाट' नावाच्या रेकॉर्डवर होते, आणि ती रेकॉर्ड कुठेच मिळत नव्हती. तिच्या शोधात त्यांना चौंडीकरांच्या बाकीच्या रेकॉर्डी मिळत गेल्या. एकाच रेकॉर्डच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती घरात आल्या. एकीवर वेगळे छायाचित्र, एकीवर चौंडीकरांची सही, एकीचे पाकीट जास्त कोरे. कपाट झाले, कपाटाला कुलूप झाले. मऊ ब्रश आले, प्लास्टिकची पाकिटे आली.

ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. संध्याकाळी पद्मजाबाई माझ्याजवळ पाट टाकून बसत आणि शेंगा सोलत. मी गात असे. त्यांची मुलगी चारुता तालावर नाचे. कधी वैजनाथराव ओरडत, "अगं, हळू नाच, सुई उडंल!" आणि सगळेच हसत. घरातल्यांची कौतुकाची नजर माझ्यावर पडली की मला फार बरे वाटे.

चारुता मोठी झाली, लग्न होऊन पुण्याला गेली. 'रहाट' मात्र सापडत नव्हती. होता होता वैजनाथराव निवृत्तीला आले. अशात कोणीतरी सांगितले, की फर्दापूरला एका लॉजवाल्याकडे जुन्या रेकॉर्डी पडून आहेत. ते तसेच स्कूटरवर निघाले आणि दिवस मावळता मावळता परतले. छातीशी धरून आणलेली ती 'रहाट' होती. कोरी, चकचकीत, कोणी क्वचितच वाजवलेली.

"आत्ता लावा ना," पद्मजाबाई म्हणाल्या.

"आत्ता नाय. उद्या सकाळी, नीट, निवांत." त्यांनी ती माझ्या चकतीवर अलगद ठेवली, झाकण लावले आणि झोपायला गेले.

दुसरा दिवस खंडेनवमीचा होता. त्या दिवशी आमच्याकडे घरातल्या हत्यारांची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पद्मजाबाईंनी पहाटे अंघोळ करून विळीला, कात्रीला, शिवणयंत्राला, स्कूटरला हळदीकुंकू लावले, झेंडू वाहिला. मग माझ्याकडे आल्या. माझ्या कपाळावर, म्हणजे पुढच्या फळीवर, बोट टेकवले. मग झाकण उघडले. ती काळी चकचकीत रेकॉर्ड बघून त्यांचा चेहरा खुलला. इतक्या वर्षांनी घरात आलेली वस्तू, तिचा मान नको का करायला? त्यांनी ओले हळदीकुंकू तिच्यावरही लावले, अगदी मनापासून.

तेवढ्यात वैजनाथराव आले.

मी त्यांना तसे चिडलेले कधी पाहिले नव्हते. "काय केलंस हे! अगं, सत्यानाश केला सगळा!"

"पूजा केली. तुमचं हत्यारच हाय ना हे?"

"अडाणीपणा नुसता! पुन्हा माझ्या मशीनला हात लावायचा नाय. ह्या खोलीत यायचंच नाय!"

मऊ ब्रश कपाटात कुलपाआड होता. हाताशी कपडे घासायचा ब्रश लागला. त्यांनी रागारागात रेकॉर्ड त्याने घासली, कोरडीच. कुंकू गेले. मग त्यांनी सुई ठेवली. भाकरीचे गाणे सुरू झाले आणि दुसऱ्या कडव्याला टक... टक... टक... असा आवाज येऊ लागला. प्रत्येक फेऱ्याला एकदा.

"ऐक! हे तुझं कुंकू!" असे म्हणून त्यांनी गाणे अर्ध्यातच बंद केले.

मला ओरडून सांगावेसे वाटले, की अहो, कुंकू निघून गेले आहे, ही टकटक तुमच्या ब्रशाची आहे! सुईहून जवळ त्या रेकॉर्डशी कोण जाते? मला सगळे ठाऊक होते. पण मित्रांनो, मी दुसऱ्याचेच शब्द गाऊ शकतो. माझे स्वतःचे शब्द मला नाहीत.

पद्मजाबाई मानी बाई. खोलीत यायचे नाही म्हटले ना, त्या नाहीच आल्या. झाडायला बाई येई. पाट स्वयंपाकघरात गेला. वैजनाथरावही हट्टी. त्यांनी हेडफोन आणले, त्यांची पिन माझ्या पाठीत खुपसली, आणि त्या दिवसापासून माझा आवाज फक्त एका माणसाच्या कानांत जाऊ लागला. मी गात होतो आणि खोलीत मात्र पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. एकटेपण म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. अडगळीत पडलो होतो तेव्हाही इतके वाईट वाटले नव्हते.

चारुताला बाळ झाले. पद्मजाबाई मदतीला म्हणून पुण्याला गेल्या आणि तिथेच राहिल्या. फोन येत, पण काय बोलणे होई? गोळ्या घेतल्या का, सिलिंडर आला का, नळ गेला का. वैजनाथराव डबा मागवू लागले. माझ्यासमोर बसून, कानांवर हेडफोन लावून जेवत. अर्धी भाकरी डब्यात तशीच राही. आलेल्या माणसाला 'रहाट' दाखवून एकच गोष्ट सांगत, "लाखात एक होती हो. आमच्या मंडळींनी कुंकू लावून वाटोळं केलं." ते ऐकले की माझा जीव तीळ तीळ तुटे.

यंदाच्या पावसाळ्यात तनुजा नावाची मुलगी आली. सिडकोत तिचा दातांचा दवाखाना आहे. वडिलांमुळे तिला चौंडीकरांचे वेड लागले होते, आणि 'रहाट' फक्त या घरात आहे असे तिने कुठेतरी ऐकले होते. तिने तीच गोष्ट ऐकून घेतली. मग पिशवीतून चष्म्यासारखी भिंगे काढून डोळ्यांवर चढवली आणि रेकॉर्ड खिडकीशी नेली.

"काका, कुंकू कुठंय?"

"आत बसलंय ना. खाचांमधी."

"कणही नाही इथं. हे तर ओरखडे आहेत. एका दिशेनं, जोरात घासल्यासारखे. लोकं दात असेच घासून घेतात, म्हणून लगेच ओळखू आलं. कुणी ब्रश मारला का हो हिच्यावर?"

वैजनाथरावांनी तिच्याकडून रेकॉर्ड परत घेतली. तिला चहा दिला, दारापर्यंत सोडायला गेले. परत आले आणि रेकॉर्ड खिडकीशी धरून स्वतः निरखली. इतक्या वर्षांत त्यांनी त्या खाचांकडे नीट पाहिलेच नव्हते. बघायची गरजच काय होती? दोष आधीच ठरला होता.

मग रेकॉर्ड माझ्यावर ठेवून त्यांनी हात माझ्यामागे नेला आणि माझ्या पाठीतली पिन उपसली. मला मोकळे वाटले. त्यांनी फोन लावला.

"पद्मजा, काय करायलीस?"

"शेंगा सोलायले. का? तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय. फोन ठिवू नको. ऐक."

त्यांनी फोन माझ्या स्पीकरसमोर धरला आणि सुई टेकवली. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ गायलो, पण त्या दिवशीसारखा कधी नाही. संबळ वाजला, गिटार आली, आणि चौंडीकर म्हणाले, "एकट्यानं भाकर खाल्ली, तिला चवच लागंना..." जिच्यासाठी ही रेकॉर्ड इतकी वर्षे हुडकली, ती बाई ते गाणे आज पुरते ऐकत होती, आणि तेही फोनवरून. दुसरे कडवे आले. टक... टक... टक...

"तेच ना हे? माझं कुंकू?" तिकडून बारीक आवाज आला.

वैजनाथराव फोनवर वाकले. "नाय. तुझं कुंकू तवाच निघालं. हा माझा ब्रश हाय. चूक माझी व्हती, पद्मजा. नावं तुला ठेवत बसलो."

तिकडचा शेंगा फोडल्याचा आवाज थांबला. गाणे संपले, सुई आतल्या कडेला खरखरत राहिली.

"पुन्हा लावा," पद्मजाबाई म्हणाल्या. गाणे पुन्हा संपल्यावर त्या म्हणाल्या, "दसऱ्याला येते मी. आन् ऐका, खंडेनवमीला त्या मशीनला माझ्याबिगर दुसऱ्या कुणी हात लावायचा नाय!"

मित्रांनो, वस्तू जपा, जरूर जपा. माझ्यासारख्यांना धुळीपासून, ओलीपासून, आणि हो, फुलदाण्यांपासून वाचवा. पण मला ज्यांच्यासाठी घरात आणले त्यांनाच खोलीबाहेर काढून मला जपू नका. चार जणांनी ऐकल्याशिवाय मी नुसती फिरणारी चकती आहे.

आज अष्टमी आहे. 'रहाट' माझ्या चकतीवर आहे. वैजनाथरावांनी स्वयंपाकघरातून पाट आणून माझ्याजवळ ठेवला, मग थोडा सरकवला, मग परत होता तिथे ठेवला. देवघरातला कुंकवाचा करंडा उघडून पाहिला, तर कुंकू तळाशी गेलेले. ते नवीन आणायला आत्ताच गुलमंडीवर गेले आहेत.