आईच्या फोटोवरची घडी

"ताई, हाऊ फोटो चालाव नही. फुटी ऱ्हायना," असं म्हणून शकीलभाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

बॅनरवर उजवीकडे माझे वडील होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, मान किंचित तिरकी. डावीकडे आई. घरातल्या तसबिरीचा मी मोबाइलवर काढून आणलेला फोटो शकीलभाईंनी बॅनरच्या मापाला ताणला होता आणि तिचा चेहरा बारीक चौकोनांत विस्कटून गेला होता. वडील जाऊन आठवडा झाला होता. गंधमुक्ती, सुतक फिटण्याचा विधी, परवावर आली होती. नवरा गेला की आधी गेलेली बायकोही बॅनरवर शेजारी लागते, असा आमच्याकडचा रिवाज. त्याला जोडीचा बॅनर म्हणतात, आणि तळोद्यातले निम्मे जोडीचे बॅनर याच दुकानात, शकीलभाई बसले होते त्याच खुर्चीत बसून माझ्या वडिलांनी केले होते.

वडील म्हणजे चुनीलाल पेंटर. ब्रश सोडून बरीच वर्षं झाली तरी लोकांनी 'पेंटर' सोडलं नाही. आधी दुकानांच्या पाट्या आणि जीपच्या मागची नावं रंगवायचे. फ्लेक्सची मशीन आली तेव्हा सगळ्या पेंटर लोकांचे हात एका वर्षात रिकामे झाले. वडिलांनी शकीलभाईंशी भागीदारी केली, मशीन शकीलभाईंची आणि चित्र वडिलांचं, आणि चाळिशी उलटल्यावर ते माउसने चित्र काढायला शिकले. "ओला साबण धरीसन चित्र काढानं काम शे हाई," असं म्हणायचे. पुढे त्यांनी संगणकाला जोडून पेनने चित्र काढायची ती काळी सपाट पाटी घेतली. तिला ते पाटीच म्हणायचे. दुकान उघडलं की आधी पाटी शर्टाच्या बाहीने पुसायचे. आताही ती कीबोर्डच्या शेजारी होती. तिच्यावर धूळ बसली होती.

"मूळ फोटो उस्तादनी याच मशीनमा ठेवेल आशीन," शकीलभाई म्हणाले. वडिलांना ते उस्ताद म्हणायचे. "तसबीर आठेच बनेल शे ना?"

"नाही. फोटो मावशीच्या पेटीत सापडला होता. रनाळ्याला. इथे फक्त मोठा केला."

"मंग ते सोपं शे. स्कॅन करेल आशीन."

वडिलांचं 'घर' नावाचं एक फोल्डर होतं. ते कधी उघडू नका असं शकीलभाईंना सांगितलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

आत एकच फाइल होती. ती उघडायला वेळ लागला. मग आई आली. स्वच्छ, न फुटता, तसबिरीत होती तशीच काळी-पांढरी. डोक्यावरून पदर, मिटलेले ओठ, हनुवटीच्या डाव्या बाजूला बारीक डाग, आणि डाव्या खांद्यावरून उजव्या कानाकडे तिरकी गेलेली घडी. कुणीतरी फोटो दुमडून पेटीत ठेवला होता, त्याची घडी. लहानपणापासून काचेवरून त्या घडीवर बोट फिरवत मी आईशी बोलायचे. बोट खांद्यावर ठेवायचं आणि वर न्यायचं. निकाल, भांडणं, नोकरी, लग्न, सगळं मी त्या घडीवरून तिला सांगितलं.

"सापडलं!" शकीलभाई खुश झाले. "आते मांगचं काळं काढी टाकतू, म्हणजे उस्तादना शेजारी बरोबर बसाडता येई."

उजवीकडे थरांची यादी होती. संगणकावर चित्र काढणारा माणूस एकाच कागदावर काढत नाही. काचेच्या तावदानांसारखे थर एकावर एक ठेवतो, आणि प्रत्येक थराशेजारी डोळ्याचं बारीक चिन्ह असतं. ते दाबलं की तो थर दिसेनासा होतो. एवढं मला माहीत होतं. सुट्टीत मी याच दुकानात बसायचे.

शकीलभाईंनी सगळ्यात वरचं चिन्ह दाबलं. चित्राचा काळा-पांढरेपणा गेला आणि रंग उघडे पडले.

चेहरा एका कातडीचा नव्हता. कपाळ सावळं होतं, गाल त्याहून उजळ. डोळ्यांभोवतीचा तुकडा पिवळट, स्टुडिओच्या दिव्यात काढल्यासारखा. ओठांना पानाची लाली. गोधडीला ठिगळं असतात तशी ती ठिगळं शेजारी-शेजारी बसली होती, आणि त्यांच्या कडा हाताने घासून मिटवलेल्या होत्या.

शकीलभाईंचा हात माउसवरून उचलला गेला.

"ताई, चहा सांगू?"

"पुढचं दाबा."

"राहू दे ना ताई. मी मांगचं नंतर..."

"दाबा, शकीलभाई."

त्यांनी दाबलं नाही. मी माउस घेतला. थरांची नावं इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली होती, शब्द मात्र घरचे. 'डोया-मयू'. मी ते चिन्ह दाबलं. आईच्या चेहऱ्यावरून डोळे गेले. तिथे नुसती कातडी राहिली, गुळगुळीत.

मयू म्हणजे मी. मयूरी.

मी बाकी सगळे थर बंद करून तेवढाच ठेवला. रिकाम्या पांढऱ्या जागेत दोन डोळे माझ्याकडे बघत होते. ते मी ओळखले. चौथीत स्कॉलरशिपच्या फॉर्मला लावलेल्या फोटोतले. डाव्या भुवईजवळ एक केस उलटा उगवलेला, तोही होता.

लोक मला म्हणायचे, तुझे डोळे अगदी आईवर गेलेत. शेजारणी म्हणायच्या, शाळेतल्या बाई एकदा घरी आल्या तेव्हा तसबिरीकडे बघून म्हणाल्या. मला ते फार आवडायचं. आई गेली तेव्हा मी दीड वर्षाची होते; तिच्याकडून माझ्याकडे काहीतरी आलंय याचा तो एकच पुरावा होता. माझे डोळे आईवर गेले नव्हते. आईचे डोळे माझ्यावर गेले होते.

हे काम मी वडिलांना करताना पाहिलं होतं, हे मला तेव्हा आठवलं. डोंगरातल्या गावांत कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा एकही फोटो नसायचा. माणूस मेल्यावर जीप भरून नातेवाईक दुकानात यायचे. वडील सगळ्यांना बाकावर बसवून एकेकाचा फोटो घ्यायचे आणि विचारायचे, कपाळ कोणासारखं होतं? नाक कोणाचं? मग भांडणं लागायची. याला ते जोडकाम म्हणायचे. एकदा कमलीबाई नावाची बाई नवऱ्याच्या, गोवालच्या, जोडकामासाठी आली होती. कान थोरल्या मुलाचे घेतले, जबडा दिराचा. चेहरा तयार झाला तेव्हा ती स्क्रीनजवळ गेली आणि म्हणाली, "हासतो कशाला हा? माझा माणूस नाय हासायचा. हासणं काढ." बाकावरचे सगळे हसले. वडिलांनी ओठांचे कोपरे जरा खाली आणले. कमलीबाई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हां. आता हाय तो. आता शिवी देईल."

मीही हसले होते. घरी जाऊन तसबिरीसमोर उभी राहून आईला ती गंमत सांगितली होती.

मी खालून वर एकेक थर बघत गेले. 'व्हट-रंजना'. व्हट म्हणजे ओठ, रंजना म्हणजे माझी मावशी. 'कपाय-मामा'. कान नव्हतेच, कुणाचे घ्यावेत ते ठरलं नसेल, म्हणून पदर पुढे ओढला होता. शेवटून दुसरा थर 'घडी'. तो एकटा ठेवला. पांढऱ्यावर एक तिरकी, करडी, फाटल्यासारखी रेघ. मध्येच बारीक थरथर, कडेला एका बाजूने उजेड, दुसऱ्या बाजूने सावली. माउसने काढलेली. कागद कधीच दुमडला नव्हता.

आणि शेवटचा, त्या काळ्या-पांढऱ्याच्या लगेच खालचा थर, त्याचं नाव 'प्रतिभा'. आईचं नाव. मला वाटलं, इथे तरी काहीतरी असेल. उघडला तर त्यात फक्त तो हनुवटीचा डाग होता. तांदळाच्या दाण्याएवढा.

शकीलभाई मशीनकडे तोंड करून उभे होते. "माले खरंच माहीत नव्हतं, ताई," ते म्हणाले. "अल्लाकसम."

घरी रंजनामावशी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. आत भिंतीवर तसबीर होती. तिला कोणीतरी ताजा हार घातला होता.

"मावशी, आईचा फोटो तुझ्या पेटीत सापडला होता ना?"

"हा. पत्रानी पेटीमा. का वं?"

"कॉम्प्युटरवर बघितला. ओठ तुझे आहेत."

तिचे हात थांबले. मग तिने लसणाची पाकळी सुपात टाकली आणि दुसरी घेतली.

"तुले शकीलनी सांगं?"

"कोणी नाही सांगितलं. दिसलं."

"मी म्हने, तिले सांगा, मोठी व्हयनी आते. दाजी म्हनेत, सांगसू, सांगसू." तिने पदराने नाक पुसलं. "तू तवय रोज इचारे, माय कशी व्हती, माय कशी व्हती. दखाडाले काहीच नव्हतं, बेटा. लगनमा फोटोवालानी रोलच जाळी टाका. मंग कोनी फोटो काढाच नही. आपलाकडे बायास्ना फोटो कोन काढस? माले दुकानमा बलावं, खुर्चीवर बसाडं. म्हनेत, रंजना, व्हट मिटी ले, तुन्ही बहीन दात दखाडी हासे नही. मी म्हनं, दाजी, हाई पाप ते नही ना? तर म्हनेत, पोरले माय पाहिजे."

"आणि घडी? ती कशाला काढली?"

"माले काय माहीत? म्हनेत, घडी नसनी तर पोर इचारी, इतला नवा फोटो कसा?"

ओट्यासमोरून डोंगराकडे जाणारी जीप गेली, टपावर माणसं. मावशीने धूळ बसू नये म्हणून सुपावर हात धरला.

"मग ती खरी दिसायची कशी, मावशी? तू तर बहीण. तू सांग."

ती दारातून आत, भिंतीकडे बघत राहिली. मला वाटलं, शब्द शोधते आहे.

"माले आते तोच फोटो दिखस," ती म्हणाली. "डोया मिटा तरी तोच. पहिले वरीसभर दोन्ही दिखेत. मन्ही बहीन येगळी, फोटो येगळा. मंग एकच ऱ्हायना."

वडील गेले त्या दिवशी मी रडले होते. आता रडू येत नव्हतं. ओट्याची फरशी तापलेली असूनही ती मला लागत नव्हती. आई दुसऱ्यांदा गेली असं म्हणावं, तर पहिल्यांदा गेलेली ती कोण, हेच मला माहीत नव्हतं.

"आणि हनुवटीवरचा डाग?" मी विचारलं. "तो कोणाचा घेतला?"

"तो कोनाच नही. तो तिनाच." मावशी एकदम सावरून बसली. "चुल्हामातली ठिणगी उडनी व्हती. आम्हीन दोन्ही भाकरी करी ऱ्हायन्तूत. ती कशी ओरडनी! मी तिले तूप लावं..." तिचं बोट हवेत हनुवटीपाशी गेलं आणि थांबलं. चेहरा हळूहळू उतरला.

"व्हता ना तो?" तिने मलाच विचारलं. "का फोटोमा शे म्हनीसन माले वाटी ऱ्हायनं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. शकीलभाईंनी सगळे थर पुन्हा चालू करून ठेवले होते. वरचा काळा-पांढराही. ठिगळं दिसत नव्हती. आई वडिलांच्या शेजारी बसली होती. वडिलांच्या चेहऱ्याला कुणाचंच काही लावलेलं नव्हतं.

"ताई," ते खाली बघत म्हणाले, "आपण छापाना पहिले सगळास्न्या घड्या, डाग साफ करतस. उस्तादनीच तशी सवय लावेल. यामातली काढू का?"

मी त्या रेघेकडे बघितलं. खांद्यावरून वर, कानाकडे.

"राहू द्या."

"आन् डाग?"

"तोही."

त्यांनी मान हलवली आणि मशीन चालू केली. आई वरून खाली, पट्टीपट्टीने उतरत आली. आधी पदर, मग कपाळ, मग माझे डोळे. शाईचा वास दुकानभर झाला. वडिलांच्या शर्टांना तो नेहमी यायचा.

बॅनर वाळल्यावर शकीलभाईंनी तो टेबलावर पसरला आणि सवयीने दोन टोकं उचलली. "घडी करी देतू, रिक्षामा बरा ऱ्हाई."

"नको," मी म्हणाले. "गुंडाळून द्या. दुसरी पडायला नको."