माझा वारा आणि धुरपताबाईचा कोंडा

मित्रांनो, दवनीवाड्यातल्या श्यामलालच्या गोठ्यात, धानाच्या तणसाच्या, म्हणजे पेंढ्याच्या, ढिगाशेजारी बसलेला मी एक जुना फवारणी पंप आहे. साधा नाही, हवेच्या झोताचा! माझ्या पोटातला पंखा फिरला की जोराची हवा सुटते, धानाची पाने बाजूला सारते आणि औषधाचे बारीक थेंब थेट बुंध्यापर्यंत नेते. धानाचा रस शोषणारे तुडतुडे तिथेच तर लपतात.

पहिल्या हंगामात श्यामलालचे धान वाचले. फवारणीला पाणी कमी लागले, दिवसाचे काम सकाळीच उरकले. लोक मला बघायला आले आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

पण बारीक थेंब फार हलके असतात. जिकडे वारा, तिकडे ते. श्यामलालला खळ्यावर धान उपणायची सवय. वारा सुटला की कामाला लागायचे, एवढेच त्याला ठाऊक. "वारा मस्त सुटला, आता आटपून टाकतो," म्हणत एका दुपारी त्याने मला पाठीवर घेतले. आम्ही फवारत गेलो आणि वारा ते औषध बांधापलीकडे, शेजारच्या धुरपताबाईच्या बोडीत नेत गेला. त्या लहानशा तळ्यात तिने रोहूची पिल्ले सोडली होती, रोज कोंडा टाकून वाढवली होती. दुसऱ्या दिवशी ती पिल्ले पोटे वर करून तरंगत होती.

"काऊन रे श्यामलाल, तुले माही बोडी दिसली नाही का?" एवढेच धुरपताबाई बोलली.

श्यामलालने घरी येऊन मला कोपऱ्यात आदळले. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे म्हणणार होतो. पण औषध उडाले होते माझ्याच तोंडातून. मला फार वाईट वाटले. वर्षभर मी धूळ खात पडलो.

पुढच्या हंगामात तुडतुडे दोघांच्याही धानात शिरले. धान जागोजागी करपू लागले. धुरपताबाईने बोडीत नवी पिल्ले सोडली होती, तरी ती स्वतःच गोठ्यात आली. "काढ तो पंप. पण वारा मी पाहीन."

बांधावर उभी राहून तिने मूठभर कोंडा हवेत सोडला. तो पाण्याकडे निघाला. "थांब! वारा बोडीकडं जाऊन राहिला." तिचेही धान करपत होते, तरी आम्ही थांबलो. दुसऱ्या सकाळी कोंडा हळूच शेताकडे वळून पडला. मग श्यामलालने माझी हवा कमी केली, नळी खाली धरली, बोडीकडचा काठ सोडला आणि दोन्ही शेते फवारली. धान वाचले, मासेही वाचले.

मित्रांनो, मला पाठीवर घ्याल तेव्हा नाकतोंड झाका, काम झाले की मला धुवा, पण ते पाणी तळ्यात ओतू नका. आणि सुरू करण्याआधी वाऱ्याला विचारा. धुरपताबाई अजूनही विचारते. पहिली मूठ वाऱ्याला, उरलेला कोंडा माशांना.