काड्यापेट्यांची वस्ती

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. भिंतीवर टांगतात तसला कागदी नव्हे. मी कागदाच्या लगद्याचा, उंचसखल, चांगला टेबलाएवढा आहे. सध्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांमागे उभा असतो. माझ्याकडे बघायला कुणी येत नाही, म्हणून तुम्हालाच माझी हकिगत सांगतो.

माझा जन्म चौथीच्या वर्गात झाला. पुस्तकात आपल्या वस्तीवर एक धडा होता. त्यात डोंगर, ओढा, रस्ता अशी चित्रे होती, पण ती कुठल्याच वस्तीची नव्हती. बाईंनी पुस्तक मिटले आणि म्हणाल्या, "आपण आपलीच वस्ती करू या. हातांनी."

मग काय विचारता! मुलांनी रद्दी फाडून बादलीत भिजत घातली, खळ घालून मळली. कोपरापर्यंत हात लडबडले. एका निकामी टेबलाच्या फळीवर डोंगर उभा राहिला, ओढा वळला. समाजशास्त्राच्या तासाला मुले गल्ल्यांतून पावले मोजत हिंडू लागली. नळापासून गिरणी किती, गिरणीपासून वळण किती, सगळे वहीत उतरले. घरे काड्यापेट्यांची केली. ज्याने त्याने आपले घर आपणच रंगवले. म्हाताऱ्या माणसांना मुले विचारत, "आजोबा, इथे आधी काय होतं?" एका निवृत्त ट्रकवाल्या आजोबांनी सांगितले, "तो खाणीचा ढीग दिसतो ना? त्याच्या बुडाशी झरा होता. आम्ही पाणी प्यायचो तिथलं. वर माती टाकून बुजवला."

कोळशाच्या खाणीतून निघालेल्या टाकाऊ मातीचा तो ढीग वस्तीच्या डोक्यावर उभा होता. मुलांनी माझ्या अंगावरचा ढीग त्याच मातीचा केला, आणि त्याच्या बुडाशी झऱ्यासाठी एक भोक ठेवले.

ढिगाच्या अगदी पायथ्याशी एका मुलीचे घर होते. ती एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिची आई घरी शिवणकाम करायची. भिंगरीने काड्यापेटीला हिरवे दार काढले आणि दारात सुईएवढी आई.

आईबाप मला बघायला आले. जो तो माझ्यावर बोट ठेवून आपले घर शोधू लागला. "अगं बाई, आमची मोरीसुद्धा सोडली नाही कार्ट्यांनी!" असे म्हणत एक काकू डोळे पुसेपर्यंत हसल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "आता पाऊस पाडू. पाणी कुठून कुठे जातं ते बघू." मातीचा ढीग सोडून मला सगळीकडे तैलरंगाचे दोन हात दिलेले होते, त्यामुळे भिजायची भीती नव्हती. एकाने झारीने वरून पाणी घातले, दुसऱ्याने खालच्या भोकातून नळीने सोडले. बराच वेळ काहीच झाले नाही. मग ढिगाचे बूड मऊ पडले आणि सगळी माती एकदम खाली आली. नऊ काड्यापेट्या गडप झाल्या.

मुलांनी टाळ्या पिटल्या. भिंगरी मात्र हलली नाही. ती म्हणाली, "बाई, माझी आई घरात आहे."

मुलांनी माती उपसली, काड्यापेट्या पुन्हा जागच्या जागी लावल्या आणि ढीग रचला.

बाई मला घेऊन, दोन पालकांना बरोबर घेऊन, खाणीच्या कचेरीत गेल्या. साहेबांनी मला वरून खालून पाहिले.

"बाई, तुमचा ढीग दोन वाट्या मातीचा. आमचा वीस वर्षं उभा आहे."

"साहेब, झरा त्याच्या खाली आहे. तो काही आटलेला नाही. निदान एकदा खणून तरी बघा."

"पोरांच्या खेळावरून खाणी चालत नसतात," साहेब म्हणाले आणि चहा मागवला. बाईंनी तो घेतला नाही.

आठवड्याने मुख्याध्यापकांकडे खाणीचे पत्र आले. मुख्याध्यापक वाईट नव्हते. पण शाळेचे छप्पर खाणीने घालून दिलेले होते. ते नजर चुकवत म्हणाले, "बाई, हा समाजशास्त्राचा तास आहे, चित्रकलेचा नाही. धडा वाचून घ्या, प्रश्नोत्तरं उतरवून द्या. हे चिखलकाम आता पुरे." मी अडगळीत गेलो.

पाच महिन्यांनी अकरा दिवस सतत पाऊस लागला. बाराव्या दिवशी उघडीप पडली, ऊन आले. पहिला तास संपत असताना ढीग निसटला. मी खोलीत होतो. मला फक्त आवाज आला आणि जमीन हादरल्याचे कळले.

शाळा पलीकडच्या उतारावर होती, ती वाचली. वस्तीच्या वरच्या दोन रांगा गेल्या. बाहेरून माणसे आली, फावडी आली, यंत्रे आली. मुकादम विचारत होता, "घरं कुठं होती? खणू कुठं?" कुणालाच सांगता येईना. ना गल्ली उरली होती, ना खांब. एकाच घरासाठी नवरा एकीकडे बोट दाखवी, भाऊ दुसरीकडे.

तेव्हा बाईंनी आणि चार मुलांनी मला उचलून आणले आणि दोन पिंपांवर ठेवले. खालचा नळ तेवढा जागेवर होता. मुकादम माझ्याकडे बघून पावले टाकू लागला, तशी भिंगरी म्हणाली, "काका, तुमची पावलं मोठी आहेत. आम्ही आमच्या पावलांनी मोजलंय."

तिच्या कमरेला दोर बांधला. ती त्या काळ्या चिखलावरून मोजत चालली. "चौसष्ट. इथे वळायचं. इथून तिसरं आमचं."

तिसरे घर सापडले. आई मशीनपाशीच होती. तिला बाहेर काढले तेव्हा बाईंनी भिंगरीचे तोंड आपल्या पदरात दाबून धरले. थोड्या वेळाने भिंगरीने स्वतःला सोडवून घेतले आणि म्हणाली, "शेजारच्या काकू राहिल्यात. सात पावलं." आणि ती पुन्हा मोजू लागली. मोरीवरून हसलेल्या त्या काकू जिवंत निघाल्या. त्यांच्यासह तिघे वाचले. चौदा गेले. माझ्यावर गर्दी इतकी रेलली होती की माझी फळी मधोमध चिरली. ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

भिंगरीला तिचा मामा घेऊन गेला. पुढे चौकशी झाली. अहवालात लिहिले होते, "असे काही घडेल याची कुणालाही कल्पना नव्हती." साक्षीदार म्हणून बाईंची सही हवी होती. बाईंनी सही केली आणि त्या वाक्याखाली लिहिले, "चौथीच्या वर्गाला होती." महिन्याभरात त्यांची बदली झाली.

मित्रांनो, मला डागडुजी नको, नवा रंगही नको. माझे एवढेच मागणे आहे. मुलांनी हातांनी काही घडवून दाखवले, तर "छान केलंय हं" म्हणून घाईने पुढे जाऊ नका. जरा खाली बसा, आणि त्यांना काय दिसले आहे ते विचारा. आणि त्यांनी सांगितले, तर त्याच दिवशी उठा.