चोराने अकरा वाजता यावे

चोराचा सत्कार मी प्रत्यक्ष पाहिला नाही. मी विचुंब्याला पोचलो तोवर शाल, नारळ, ग्रुप फोटो सगळं उरकून चोर निघूनही गेला होता. माझ्या वाट्याला फक्त मार आला.

खरं तर चोर मी होतो. म्हणजे मला चोर नेमलं होतं. पोलीस चौकी, सोसायट्यांचा महासंघ आणि गावकी अशा तिघांनी मिळून ही नेमणूक केली होती. या तिघांची 'सुरक्षा सेतू' नावाची एक समिती आहे. रहिवाशांना वेळोवेळी सावध करणं हे तिचं काम. ते निरोप लिहायचं आणि रेकॉर्ड करायचं काम माझ्याकडे, कारण मी कळंबोलीला घरीच बसलेला असतो आणि चौकीतले हवालदार भगवानदादा यांच्या मते माझा आवाज "कस्टमर केअरच्या बाईसारखा गोड हाय".

आधी हे निरोप व्हॉट्सॲपवर जायचे. पण तिथे गुड मॉर्निंगची फुलं इतकी पडायची, की 'तुमच्या पार्किंगमध्ये साप आहे' हा मेसेज लोकांनी आठवड्याने वाचला. सापानेही इतके दिवस वाट पाहिली नाही. मग गावकीने तोडगा काढला: घंटागाडी. कचऱ्याची गाडी रोज प्रत्येक दारात जाते, तिच्यावर भोंगा असतो आणि हातात भरलेला डबा घेऊन उभा असलेला माणूस ऐकणार नाही तर जाईल कुठे? तेव्हापासून ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, आणि त्यानंतर मी: "आपला ओटीपी कोणालाही सांगू नका. दागिने अंगावर मिरवू नका. कपाटातही ठेवू नका."

माझी कुमुद आत्या विचुंब्याच्या आनंदवेल सोसायटीत चौथ्या मजल्यावर एकटी राहते. तिने भाच्याचा आवाज ऐकला, हातातल्या पाटल्या काढल्या आणि तांदळाच्या पिंपात पुरल्या. या पाटल्या तिला ना बापाने घातल्या, ना नवऱ्याने. टेलिफोन खात्यात हेडफोन लावून जन्मभर "होल्ड करा" म्हणत तिने त्या स्वतः केल्या होत्या. गेली तीस वर्षं त्या तिच्या हातातून निघाल्या नव्हत्या. मी भोंग्यावरून सांगितल्यावर निघाल्या.

तर सराव. लोक कितपत जागरूक आहेत ते बघायला एक खोटा चोर पाठवायचं ठरलं. आनंदवेलमध्ये आत्या सोडून मला कोणी ओळखत नव्हतं आणि आत्यालाही यातलं काही सांगितलं नव्हतं, म्हणून चोर मी. मी निरोप लिहिला: "उद्या सकाळी अकरा वाजता आपल्या सोसायटीत एक चोर येणार आहे. तो कोणत्याही वेषात येईल. आपण चोर नाही असं तो सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नये. घाबरू नये, हा सराव आहे."

माझा निरोप इथे संपत होता. पण मसुदा मंजुरीसाठी सेक्रेटरी अविनाशकाकांकडे गेला आणि त्यांनी सवयीने खाली एक ओळ जोडली: "तरी सर्व सभासदांनी संपूर्ण सहकार्य करावे, ही नम्र विनंती." पाणी जाणार असलं तरी ही ओळ, गच्चीवर मिरच्या वाळत घालू नयेत तरी ही ओळ. सोसायटीची लिफ्ट बंद पडून महिना झाला होता, तिच्यावरही हीच ओळ चिकटवलेली होती आणि लोक गुडघे धरून सहकार्य करत होते.

मी ती ओळ तशीच, गोड आवाजात, वाचून टाकली.

सरावाच्या दिवशी कळंबोलीच्या सर्कलला लोखंडी सळयांचा ट्रेलर आडवा झाला आणि मी अडकलो. आनंदवेलच्या गेटमधून आत शिरलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. तोंडाला रुमाल बांधलेला, खांद्यावर रिकामं पोतं. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या, कागदी बशांमध्ये वेफर्सचा चुरा, सगळे प्रसन्न.

"काय रे, कोण तू?" अविनाशकाकांनी विचारलं.

"चोर," मी म्हटलं.

"चोर येऊन गेला."

"नाही हो, मी चोर आहे."

"ऐका! तोंडाने कबूल करतोय!" दुसऱ्या मजल्यावरच्या रंजिताताई ओरडल्या. "सराव संपल्यावर आलाय म्हणजे हा खरा!"

यानंतर जे झालं त्यात जागरूकतेला दहापैकी दहा द्यावे लागतील. गुडघे धरून जिने चढणाऱ्या माणसांच्या हातात इतका जोर असतो हे मला माहीत नव्हतं. मी "सुरक्षा सेतू! सुरक्षा सेतू!" असं ओरडत होतो. कोणीतरी म्हणालं, "आवाज ओळखीचा वाटतोय, कचऱ्यात काम करतो का?"

गलका ऐकून आत्या चार मजले उतरून आली. "अगं बाई! सोडा त्याला, हा आमचा अथर्व! माझा भाचा!"

मार थांबला. एका काकांचा हात आधीच वर गेला होता, तो त्यांनी "सॉरी हं" म्हणून खाली आणला. माझ्याच पाठीवर.

तेवढ्यात भगवानदादा मोटारसायकलवरून निकाल बघायला आले. मला जमिनीवर बघून खूश झाले. "वा! पकडलात चोराला. मीच धाडला होता."

"तुम्ही याला पाठवलंत?" अविनाशकाका म्हणाले.

"मंग? दुसरा कुठं हाय आपल्याकडं?"

वेफर्सची एक बशी वाऱ्याने सरकत गेटपर्यंत गेली, सगळ्यांनी तिच्याकडे बघून घेतलं.

"मग मगाशी," अविनाशकाका सावकाश म्हणाले, "शाल कोणाला घातली मी?"

आत्या खुर्चीत बसली. हातात पाटल्या नव्हत्या, पण ती मनगटं चाचपत राहिली.

भगवानदादांनी खिशातून पेन काढलं. "काय काय गेलं, बोला."

रंजिताताईंचा मिक्सर गेला होता. अविनाशकाकांची ट्रेडमिल गेली होती, तीही चौथ्या मजल्यावरून, चार सभासदांनी खांदा देऊन. चोराचा छोटा टेम्पो होता, त्यात ती बसवून वर दोरीही सोसायटीनेच बांधली होती.

"ट्रेडमिल त्यानं मागितली?"

"नाही," अविनाशकाका म्हणाले. "मोठं काहीतरी नेलं तर सराव खरा वाटेल, असं मला वाटलं."

"आणि पाटल्या, आत्याबाई? त्यानं हिसकावल्या?"

"मी दिल्या," आत्या म्हणाली. "सगळे कपाटात ठेवतात, मी तांदळात ठेवते, हे त्याला दाखवलं. म्हटलं चौकीत सांगा, विचुंब्यातल्या बायका किती सावध आहेत. मग त्याच्या पिशवीत टाकल्या."

"तो काय बोल्ला?"

"नको नको म्हणाला."

"मंग तुमी?"

"म्हटलं, लाजू नकोस."

भगवानदादांनी पेनाचं टोपण लावलं. "आत्याबाई, ही चोरी मी लिहू कशी? यात चोरानं काय केलं तेच मला सापडत नाय."

"चेहरा बघितलाय ना सगळ्यांनी?" मी जमिनीवरूनच विचारलं.

अविनाशकाकांनी मोबाइल पुढे केला. ग्रुप फोटोत सोसायटी दोन रांगांत हसत उभी होती. मध्ये शाल पांघरलेला, नारळ छातीशी धरलेला माणूस. नाकाखाली सगळा चेहरा निळ्या चौकटीच्या नॅपकिनने झाकलेला.

"नॅपकिन माझा," अविनाशकाका म्हणाले. "तोंड न बांधताच आला होता. फोटोत चोर वाटायला नको?"

दुपारपर्यंत तो फोटो 'दिसताक्षणी पकडा' असं लिहून पनवेलभर फिरला. कामोठ्याहून माझ्या मित्राचा फोन आला, "यातला चोर कुठला? सगळेच तसे दिसतायत."

आत्या मला रागावली नाही. माझ्या पाठीला हळद-तेल लावताना एवढंच म्हणाली, "तुझ्या आवाजात सांगत होते ना, म्हणून मी काढल्या रे हातातून." तेल लावताना तिचे हात पहिल्यांदाच बिनआवाजाचे चालत होते. लहानपणापासून ती स्वयंपाकघरात आहे की बाल्कनीत, हे मला त्या किणकिणीवरून कळायचं. त्यापेक्षा मला आणखी एकदा पार्किंगमध्ये नेलं असतं तर बरं झालं असतं.

मी विचार केला. चोराला सरावाची वेळ कळली ती भोंग्यावरून, हे तर उघड होतं. म्हणजे चोर आपला भोंगा ऐकतो. मग त्याला निरोप पाठवायला अडचण काय? भगवानदादांना कल्पना सांगितली. ते म्हणाले, "डोक्यावर पन मारलं काय रं तुला?" पण दुसरी कल्पना त्यांच्याकडेही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी निघाली. ओला कचरा, सुका कचरा, आणि मग मी: "आनंदवेल सोसायटीत काल आलेल्या चोराचं काम समितीला अतिशय आवडलं आहे. त्याला आज संध्याकाळी पाच वाजता उत्कृष्ट चोर म्हणून बक्षीस देण्यात येईल. येताना सर्व सामान सोबत आणावे. सोसायटी त्याच्यावर रागावलेली नाही. तरी चोराने संपूर्ण सहकार्य करावे, ही नम्र विनंती." शेवटची ओळ यावेळी मीच घातली. हात बसला होता.

पाचच्या आधीच पार्किंग भरलं. खुर्च्यांखाली क्रिकेटच्या बॅटी, लाटणी, एक झारा. भगवानदादा साध्या कपड्यात तुळशीवृंदावनामागे उभे, म्हणजे वृंदावनाच्या दोन्ही बाजूंनी भगवानदादा दिसत होते. आत्या पहिल्या रांगेत, पदराखाली मनगटं.

चोर येईल, हे माझं मलाही खरं वाटत नव्हतं.

पाच वाजता टेम्पो आला.

टेम्पोत ट्रेडमिल होती, दोरी तशीच. पुढच्या सीटवर मिक्सर. चाळिशीचा एक किरकोळ माणूस उतरला, काखेत घडी केलेली शाल, हातात न फोडलेला नारळ. त्याने सगळ्यांना नमस्कार केला. बॅटी हातात होत्या, पण नमस्कार करणाऱ्याला आधी कोणी मारायचं यावर एकमत होईना.

तो सरळ आत्याकडे गेला, खिशातून पोळ्यांचा चपटा डबा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. आत्याने झाकण उघडलं. पाटल्या. खाली पोळ्या गुंडाळायचा कागदही होता.

"बाई, मोजून घ्या," तो म्हणाला. "काल रात्री आम्ही नवरा-बायको झोपलो नाही. एकाने झोपायचं, एकाने डब्याजवळ बसायचं, असं ठरवलं होतं. पण झोपणाऱ्यालाही झोप येईना."

भगवानदादा वृंदावनामागून बाहेर आले. "नाव?"

"तुळशीराम."

"धंदा?"

तुळशीरामने एकेकाकडे बघितलं. मग बंद लिफ्टकडे बोट केलं. "मी लिफ्टवाला. महिनाभर तुमचे फोनवर फोन येत होते, म्हणून कंपनीने काल पाठवलं होतं."

खुर्च्यांखाली एक बॅट पडल्याचा आवाज आला.

"तुम्ही सांगितलं का नाही?" अविनाशकाकांचा आवाज चिरकला.

"साहेब, गेटवरच सांगितलं. तुम्ही म्हणालात, 'वा, वेष छान घेतलाय.' मी म्हटलं मी चोर नाही, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओळखपत्र दाखवलं तर या ताई म्हणाल्या, काय तयारी आहे! मग तुम्ही तोंडच बांधलंत. त्यानंतर बोललो ते नीट ऐकू गेलं नसेल." त्याने शाल काखेतून काढून काकांच्या हातात दिली. "ऑफिसला फोन केला, तर साहेब म्हणाले ग्राहकाशी वाद घालू नकोस, देतील ते घे."

"अहो, मग लगेच परत यायचं!" रंजिताताई म्हणाल्या.

"आलो होतो ना. कोपऱ्यावरून टेम्पो वळवून आलो. पण तुम्ही तेव्हा याला मारत होतात." त्याने माझ्याकडे बघितलं. "म्हटलं, नुसतं उशिरा येणाऱ्याला हे असं करतात, तर सामान नेणाऱ्याचं काय करतील? मग माझा फोटो आला, 'दिसताक्षणी पकडा'. आज सकाळी कचरा टाकायला उभा होतो, तेव्हा कळलं की तुम्ही रागावलेले नाही. म्हणून आलो. बक्षीस नको मला."

लाटणी हळूहळू पाठीमागे गेली. झाऱ्यावाल्या बाई झारा बघू लागल्या, जणू तो कोणीतरी आत्ताच त्यांच्या हातात दिला होता.

शेवटी आत्या उठली. पाटल्या एकेक करून हातात चढवल्या, दोन्ही हात हलवून आवाज ऐकला, मग तुळशीरामला म्हणाली, "चहा घेणार ना? यावेळी खरंच विचारतेय. नको असेल तर नको म्हण, आम्ही ऐकू."

"घेतो," तो म्हणाला. "आधी लिफ्ट बघतो."

अविनाशकाका घसा खाकरून पुढे झाले. मला वाटलं माफी मागणार. "तुळशीराम," ते म्हणाले, "ती ट्रेडमिल... तुम्ही ठेवली असती तरी चाललं असतं."

"नको साहेब."

"लाजू नका."

भगवानदादांनी काकांच्या दंडाला धरून त्यांना बाजूला नेलं.

अंधार पडायच्या आत लिफ्ट चालू झाली. पहिली खेप आत्याची. मी आत पाऊल टाकणार, तर तिने हाताने अडवलं. "तू जिन्याने ये. वाटेत उद्याचा निरोप तयार कर."

दार सरकलं. पाटल्यांची किणकिण वर वर जात राहिली, पहिला मजला, दुसरा, तिसरा. मी ती ऐकत, पाठ धरून, जिने चढलो.

सकाळी घंटागाडी विचुंब्यात फिरली. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, आणि मग मी: "आपल्याकडे लिफ्टवाला आल्यास त्याला लिफ्ट दाखवावी. तो नको म्हणाल्यास त्याला काहीही देऊ नये."

त्याखाली अविनाशकाकांनी नेहमीची ओळ जोडून पाठवली होती. ती मी वाचली नाही.